वीस नंबर, एकची लाइन

४ फेब्रुवारी, बुधवार

आज इंटरनेटचा नवा डबा आला. लेक परगावी असते. तिच्याशी बोलताना तिचं तोंड अर्धवट उघडं राहायचं आणि चित्र तिथेच अडकायचं, म्हणून मीच कंपनीकडे वेगाचं कनेक्शन मागितलं होतं. एक माणूस आला, जुना डबा भिंतीवरून उतरवून पिशवीत टाकला, नवा टांगला, टीव्हीत आणि माझ्या फोनमध्ये पासवर्ड घातला आणि पाऊण तासात गेला. लेकीचं तोंड आता व्यवस्थित हलतं.

चार वाजता ह्यांना खुर्चीत बसवलं, टीव्ही लावला आणि पडद्यावर आलं, 'सर्व्हर सापडत नाही'.

सर्व्हर म्हणजे ह्यांची काळी पेटी. कपाटाच्या वरच्या फळीवर दिवसरात्र घुरघुरत असते. निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून ह्यांनी घरातल्या सगळ्या जुन्या कॅसेटी त्या पेटीत भरल्या. टीव्हीवर नुसतं बटण दाबायचं, की लेकीचं बारसं ते लग्न, हवं ते समोर. पेटीला हे कोठी म्हणतात. म्हणायचे. नोव्हेंबरात अर्धांगवायूचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, असं डॉक्टर सांगतात. डॉक्टरांना सांगायला काय जातंय.

हॉस्पिटलातून सोमवारी आणि गुरुवारी एक मुलगी ह्यांच्याकडून बोलण्याचे व्यायाम करून घ्यायला येते. मी तिला बोलती बाई म्हणते, कारण आल्यापासून जाईपर्यंत ती एकटीच बोलते. तिच्याच लक्षात आलं की त्या व्हिडिओंत हे कुठेच दिसत नाहीत, पण ऐकू मात्र सतत येतात. कॅमेरा कायम ह्यांच्या हातात. मागून 'इकडे बघ', 'हस की जरा', 'पडशील, पडशील'. बाई म्हणाली, "काकू, स्वतःच्याच आवाजामागे जिभेला वाट लवकर सापडते. रोज चार वाजता अर्धा तास लावा." जानेवारीअखेर 'इकडे' आलं होतं. दोनदा 'इकडे ब' इथपर्यंत गाडी गेली. २७ तारखेला हॉस्पिटलात तपासणी आहे. काही सुधारणा दिसली तर व्यायाम पुढे चालू, नाही तर बाईची वेळ दुसऱ्या पेशंटला. यादी लांब आहे.

आणि मी नेमका आत्ताच डबा बदलला.

हे डाव्या हाताची दोन बोटं दाखवत होते, मग मूठ. पुन्हा दोन बोटं, मूठ. मी दोन बिस्किटं दिली, ती ढकलून दिली. मग मला वाटलं, दोन नंबरला जायचं असेल. धरून धरून बाथरूमपर्यंत नेलं. तिथे आरशात माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच आत कोंडून घ्यावंसं वाटलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लेक म्हणाली, "अगं आई, सगळं बंद कर, दहा मिनिटं थांब, परत चालू कर." केलं. टीव्ही, डबा, पेटी. मीसुद्धा दहा मिनिटं पलंगावर बंद होऊन पडले. सगळं पुन्हा चालू झालं, सापडलं काही नाही.

मग कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी फार गोड.

"मॅडम, इंटरनेट चालू आहे ना तुमचं?"

"हो, पण घरातलीच पेटी घरातल्याच टीव्हीला दिसत नाही."

"इंटरनेट चालू आहे म्हणजे आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे, मॅडम. आणखी काही मदत हवी का?"

मदत पहिलीच झाली नव्हती, आणखी कुठली मागू.

जुना डबा परत मागितला. तो म्हणे त्याच दिवशी गोदामात गेला.

बोलती बाई आली तेव्हा ह्यांनी चित्रांची कार्डं उलटी करून ठेवली. बाई म्हणाली, "काका, असं नाही करायचं." काकांनी तेच केलं.

८ फेब्रुवारी, रविवार

लॅपटॉप उघडून बसले होते. लेकीने लिहून पाठवलेल्या अकरा गोष्टी केल्या. सातव्या गोष्टीत 'पेटीचा पत्ता टाका' असं आहे. पत्ता काय? ती कपाटावर आहे, एवढा मला माहीत आहे.

हे खुर्चीतून पेटीकडे बोट दाखवत होते. पेटीच्या पुढच्या बाजूला जिथे ह्यांनी चिकटवलेली नंबराची पट्टी होती तिथे आता नुसता चिकट डाग आहे. पट्टीवरून रागावलेत हे मला कळतं. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ह्यांची सगळी नोकरी झाली, मरेपर्यंत म्हणजे निवृत्तीपर्यंत. तिथल्या प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर. ती खोड घरी आणली. फ्रीजवर सात, धुण्याच्या यंत्रावर नऊ, टीव्हीवर बारा, माझ्या शिलाई मशीनवरसुद्धा चार. पाहुणे विचारायचे, लिलाव आहे का? हे हॉस्पिटलात होते त्या तीन आठवड्यांत मला घरात बसवेना, तेव्हा मी तेल चोळचोळून सगळ्या पट्ट्या काढल्या. कुणी विचारलं तर सांगायला स्वच्छता होती. खरं सांगायचं तर, हे परत येणार नाहीत असं धरूनच चालले होते आणि नंबर लावलेल्या घरात एकटीला राहायचं नव्हतं.

आले तेव्हा फ्रीजसमोर बराच वेळ उभे राहिले होते.

आजही तेच. दोन बोटं, मूठ. दोन बोटं, मूठ.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पेटी खाली उतरवून सरळ वायरने टीव्हीला जोडली. टीव्हीवर काळा पडदा आणि एका कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकत होती. ती पासवर्ड मागत होती बहुतेक. मी माझा वाढदिवस टाकला, लेकीचा टाकला, लग्नाची तारीख टाकली. यातलं काहीच चाललं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाला पासवर्ड ठेवावीशी वाटली ती तारीख कुठली, देव जाणे. पेटी जागेवर ठेवून दिली.

ह्यांची टकटक वाढली आहे. डाव्या हाताच्या बोटातल्या अंगठीने खुर्चीच्या लाकडी हातावर दोनदा वाजवतात. टक टक. मी काही बोलले की टक टक. "जेवण आणते." टक टक. "आता पाय खाली ठेवा." टक टक. बोलणं गेलं म्हणून घर शांत झालं असं वाटलं होतं, तर हे सुरू झालं. दुकानातून आलेले सोळा पडदे शिवायचे आहेत, मशीनचा आवाज मला चालतो, हा चालत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झालं ते लिहिते. लिहिलं नाही तर उद्या मी असं बोललेच नव्हते असं मलाच वाटायला लागेल.

सकाळपासून दोन बोटं, मूठ. त्यात आता नवीन भर पडली. एक बोट उभं करायचं आणि हात आडवा करून बाहेरच्या बाजूला लांब न्यायचा. चालती हो, असं. एकदा, दोनदा, पाच वेळा. ज्या बाईने सकाळी तुम्हाला आंघोळ घातली, दाढी केली, नाडी बांधली, तिला हे.

मी म्हटलं, "कुठे जाऊ? सांगा तरी कुठे जाऊ?"

पुन्हा तेच. एक बोट आणि बाहेर.

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "झटका आला त्या दिवशी मी बाजारातून तासभर उशिरा आले असते तर बरं झालं असतं. दोघंही सुटलो असतो."

क्षणभर ह्यांचा हात तसाच हवेत राहिला. मग खाली आला. टक टक.

मी आतून जुना टॉवेल आणला, खुर्चीच्या हाताला गुंडाळला आणि वरून सुतळीने करकचून बांधला. हे बघत होते. मी गाठ मारून उभी राहिले तेव्हा पुन्हा दोनदा बोट आपटलं. आवाज आला नाही. मला बरं वाटलं. मग दिवसभर बरं वाटलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पडदे. सहा झाले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बोलती बाई आज बोलली नाही. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते. दारात चपला घालताना म्हणाली, "काकू, काकांनी सोडून दिलंय असं वाटतं. हे सुरुवातीचे सहा महिने फार मोलाचे असतात. काहीही करून ते व्हिडिओ चालू करा." मी हो म्हटलं. माझ्या हो म्हणण्याने चालू होत असते तर चार तारखेलाच झाले असते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातला माणूस घरी आला. जाडजूड, चष्मा कपाळावर, आणि प्रत्येक वाक्याआधी उसासा. पण समजावून सांगणारा पहिला माणूस हाच.

म्हणाला, "पेटी ठणठणीत आहे. तिला कुणीतरी हाताने पक्का नंबर दिलाय. हे बघा, घरातल्या प्रत्येक यंत्राला चार आकड्यांचा पत्ता असतो. त्यातला तिसरा आकडा म्हणजे गल्ली आणि शेवटचा म्हणजे घर नंबर. जुना डबा गेला, तशी त्याची गल्ली गेली. नव्याने शून्याची गल्ली काढलीय आणि टीव्ही, फोन, लॅपटॉप सगळे तिथे राहायला आले. पेटी बसलीय जुन्या गल्लीत, एकटीच. ती हलणार नाही, कारण तिला तिथेच बस म्हणून सांगितलंय."

"मग तिला आणायचं कसं?"

"गल्ली आणि घर नंबर माहीत असेल तर दोन मिनिटांचं काम. माहीत आहे?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. माहीत असलेला एकच माणूस घरात, आणि त्याला बोलता येत नाही.

"नसेल तर शोधत बसावं लागेल. त्यापेक्षा मी पेटी पुसून नव्याने बसवून देतो. सोमवारी येतो."

"व्हिडिओ राहतील ना?"

त्याने उसासा टाकला. "बहुतेक."

हे खुर्चीत जवळजवळ अर्धे उठले. डावा पंजा सपाट करून हवेत आडवा धरला आणि जोरात दाबत राहिले. दुकानवाला घाबरून दाराकडे सरकला. मी म्हटलं, "ते आजारी आहेत, तुम्ही मनावर घेऊ नका. या सोमवारी." तीस वर्षांचं सगळं त्या पेटीत आहे आणि मी 'बहुतेक'ला हो म्हणून बसले. पण २७ तारीख पुढच्या शुक्रवारी आहे. दुसरं काय करू? मी थकले आहे. हे वाक्य मी रोज लिहू शकते, म्हणून लिहीत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज पुष्कळ झालं, क्रमाने लिहिते.

साडेदहाला पंपवाले भाऊजी आले. ह्यांच्या हाताखाली बावीस वर्षं पंपघरात होते. आजारपणात एकदाही फिरकले नव्हते, म्हणून मी दार उघडलं ते तोंड पाडूनच. तेही दारातच रेंगाळले. म्हणाले, "वहिनी, खरं सांगू? दादांना तसं बघवणार नाही म्हणून येत नव्हतो. पाय निघत नव्हता."

मी म्हटलं, "मला रोज बघवतं, तुम्ही एकदा बघा."

आत आले. ह्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि फरशीकडे बघत हवापाण्याचं काहीतरी पुटपुटायला लागले. ह्यांनी डावा हात वर केला. दोन बोटं, मूठ.

भाऊजी बोलता बोलता, अगदी सहज म्हणाले, "वीस नंबर? कुठला वीस, दादा?"

मी चहा ओतत होते. कप भरून बशी भरली तरी ओततच राहिले.

"काय म्हणालात?"

"वीस म्हणतायत ना दादा. मूठ म्हणजे शून्य." मग माझं तोंड बघून तेच चपापले. "वहिनी, आमच्या पंपघरात तीन मोटारी एकदम चालायच्या. कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. सगळा कारभार खुणांवर. आणि उजव्या हातात कायम पाना, म्हणून खुणा डाव्या हाताने. तुम्हाला हे ठाऊक नाही?"

एकदाही गेले नव्हते मी पंपघरात. ह्यांनी कधी नेलं नाही आणि मला कधी जावंसं वाटलं नाही. लोखंडाचे नळ काय बघायचे?

ह्यांनी एक बोट उभं केलं आणि हात आडवा लांब नेला. चालती हो.

"एकची लाइन," भाऊजी म्हणाले. "वीस नंबर, एकच्या लाइनवर. बरोबर, दादा?"

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

गल्ली आणि घर नंबर! अठरा दिवस हा माणूस मला पेटीचा पत्ता सांगत होता आणि मी बिस्किटं देत होते. पेटीवरच्या पट्टीवर वीसच होता, आता आठवलं. पट्टीवरचा नंबर तोच पत्त्याचा शेवटचा आकडा, अशी ह्यांची पद्धत असणार. मीच तो पुसून टाकला होता.

"आणि हे हो?" मी पंजा सपाट करून हवेत दाबून दाखवला.

"बंद. हात लावायचा नाही."

दुकानवाल्याला ते सांगत होते.

लॅपटॉप काढला. नव्या डब्याच्या बुडाशी त्याचा पासवर्ड छापलेला असतो, ते दुकानवाला दाखवून गेला होता. तो टाकून डब्याच्या सेटिंगमध्ये शिरले. पेटीला हलवण्यापेक्षा डब्यालाच जुन्या गल्लीत न्यावं, असं मला सुचलं. अख्ख्या प्रकरणात एवढी एकच गोष्ट मला सुचली, तेव्हा लिहून ठेवते. डब्याच्या पत्त्यात तिसऱ्या जागी शून्य होता, तिथे एक केला. डब्याचे दिवे गेले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, काय केलंत?" दिवे आले. टीव्ही लावला. गोल गोल फिरलं आणि एकदम सगळा पडदा आमच्या घराने भरला. लेक तीन वर्षांची, वाकडी वेणी, आणि मागून ह्यांचा दणदणीत आवाज, 'इकडे बघ!'

मी म्हटलं, "सापडलं हो!"

ह्यांचं बोट टॉवेलवर दोनदा आपटलं.

भाऊजी म्हणाले, "टॉवेल कशाला बांधलाय? असा जबाब ऐकू कसा येणार?"

"कसला जबाब?"

"दोन ठोके म्हणजे ऐकलं. समोरच्याने काही सांगितलं की नळावर पान्याने दोन ठोके द्यायचे. एक दिला तर परत सांग. एकही नाही आला तर आम्ही धावत जायचो, माणसाला काहीतरी झालंय समजून. दादांचे दोन ठोके कधी चुकले नाहीत बघा."

मी स्वयंपाकघरात गेले ती भाऊजी जाईपर्यंत बाहेर आले नाही. मी काय काय बोलले होते त्याची उजळणी चालली होती. सगळ्याला जबाब आलेला होता. त्या शुक्रवारच्या बोलण्यालासुद्धा.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दुकानवाल्याला नको म्हणून कळवलं. त्याने फोनवरसुद्धा उसासा टाकला.

सुतळीची गाठ सुटेना. पडद्यांच्या कात्रीने कापली. टॉवेलखाली लाकडावर बारीक खड्डा पडलाय, अंगठीचा.

स्टूल घेऊन समोर बसले. म्हटलं, "त्या दिवशी मी बोलले, उशिरा आले असते तर बरं झालं असतं. ते ऐकलंत ना?"

टक टक.

"मी तशी नाही. म्हणजे त्या वेळी होते. खरंच तसं वाटलं होतं. आता वाटत नाही. पुन्हा कधी वाटणारच नाही असं मात्र सांगत नाही."

मला वाटलं आता जबाब येणार नाही, आणि मी उठणार इतक्यात आला. टक टक.

चार वाजता बोलती बाई आणि हे दोघंही टीव्हीसमोर. 'इकडे ब' चार वेळा.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

तपासणी. मोठे डॉक्टर, मोठं टेबल. बोलती बाई माझ्याहून घाबरलेली. डॉक्टरांनी पेन दाखवलं, घड्याळ दाखवलं, चावी दाखवली. हे गप्प. डॉक्टर मान फिरवून कॉम्प्युटरवर लिहायला लागले. ते काय लिहितायत ते मला न वाचता कळत होतं.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. जड, घोगरा, पण पूर्ण. "इकडे बघ."

डॉक्टरांनी चमकून वर बघितलं. एवढ्या मोठ्या माणसाला अरे-तुरे! बोलती बाईने तोंडावर हात दाबून धरला. डॉक्टर म्हणाले, "बघतोय, काका, बघतोय," आणि जे लिहिलं होतं ते खोडून मेअखेरपर्यंतची वेळ दिली.

मे महिना लांब आहे. पडदे अजून सात बाकी आहेत, आंघोळ, दाढी, नाडी सगळं तसंच आहे. चार वाजता ह्यांना बसवून, टीव्ही लावून मी दूध तापवायला आत आले. बाहेरून 'इकडे बघ' आलं, तो जुना आवाज. त्यामागून दुसरा, आजचा, धापा टाकत. मग टीव्हीवर दुसरंच काहीतरी सुरू झालं, तरी आजचा आवाज एकट्याने पुन्हा आला.

"इकडे बघ."

दूध वर येत होतं, सोडून जाता येत नव्हतं. मी उलथनं उचललं आणि ओट्यावर दोनदा वाजवलं.